नोझल कुठे गेली?

छंदासाठी घेतलेला एअरब्रश रंग मारताना सहसा दगा देत नाही. दगा होतो तो काम आटोपल्यावर, धुवायला घेतला की. विमानाच्या किंवा रणगाड्याच्या मॉडेलवर शेवटचा थर बसलेला असतो, रात्र झालेली असते, बोटं थिनरने बुळबुळीत असतात आणि नेमक्या त्या वेळी हातातून असं काहीतरी निसटतं जे पुन्हा नजरेलाच पडत नाही. कधी ती नोझल असते, कधी ट्रिगरमागची लहानशी पट्टी, कधी एखादी ओ-रिंग. दुसऱ्या दिवशी जोडायला घ्यावं, तर हजारो रुपयांचं हत्यार त्या एका कणापायी निकामी पडलेलं.

अशा वेळी दोष हातांना दिला जातो. मला तो पटत नाही. वेगवेगळ्या घडणीचे एअरब्रश उघडून शेजारी शेजारी मांडले, की कोणता भाग हरवणार हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं दिसतं. कारखान्याने तो भाग किती लहान आणि किती सुटा ठेवला, तो किती वेळा बाहेर काढावा लागतो, आणि काढणारा कुठल्या टेबलावर, कशावर हात धरून काढतो, या तीन गोष्टी हिशेबात घेतल्या तर हातांचा वाटा फार थोडा उरतो. म्हणून ‘जपून काम करा’ एवढ्या सल्ल्याने हा प्रश्न सुटत नाही.

मुळात हे भाग इतके लहान का, याचं उत्तर उपकरणाच्या इतिहासात आहे. १८७६ साली अमेरिकेत फ्रान्सिस एडगर स्टॅन्ले यांनी रंग फवारण्याच्या एका साधनाचं पेटंट घेतलं. वाफेवर चालणाऱ्या मोटारींमुळे पुढे नाव झालेले स्टॅन्ले ते हेच. पाठोपाठ आयोवातल्या ॲबनर पीलर यांनी हाताशी असलेल्या सामानातून आपलं यंत्र जुळवलं. त्याचे हक्क लिबर्टी वॉकअप यांनी घेतले आणि १८८३ साली इलिनॉयमधल्या रॉकफर्डला एअरब्रशचा कारखाना उभा राहिला. ही सुरुवातीची यंत्रं बोजड होती. १८९०च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी निमुळती सुई निमुळत्या नोझलच्या आत बसवली, हवा तिच्याभोवतीने सोडली, आणि हातात पेनासारखा धरता येणारा एअरब्रश तयार झाला. शिकागोत सुरू झालेली पाशे ही १९०४ सालची, जपानची इवाटा १९२६ची, बॅजर बरीच नंतरची. या कंपन्यांनी आणि जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकने पुढे जे जे बनवलं, त्यातलं बहुतेक त्या सुई-नोझलच्या जोडीवरच उभं आहे. फोटोंची डागडुजी, जाहिराती, कॅलेंडरं असा या तंत्राचा मोठा पसारा झाला. रघुवीर मुळगावकरांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरचे नितळ, मऊ कांतीचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी स्प्रेच्या तंत्राची करामत पाहिलेलीच आहे.

आता त्या जोडीकडे जवळून पाहू. नोझलच्या टोकाचं भोक ०.२, ०.३, ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटरचं असतं. सुई पुढे सरकली की ते बंद होतं, मागे आली की तेवढ्यापुरती फट उघडते. नोझलभोवतीच्या कडीएवढ्या जागेतून साधारण १५ ते २० पीएसआय दाबाची हवा बाहेर झेपावते, टोकाशी दाब कमी होतो आणि रंग आपोआप ओढला जाऊन त्याचे बारीक थेंब होतात. हे नीट व्हायचं तर नोझल पातळ भिंतीची, अगदी मध्यावर बसणारी आणि टोकाला तीक्ष्ण हवी. गणपतीच्या कारखान्यात अंगरंग मारणारी मोठी स्प्रे गन घेतली तर तिची नोझल दोन बोटांत धरून फिरवता येते, कारण तिला मोठी पृष्ठं झाकायची असतात. १/७२ मापाच्या विमानावर केसाएवढी रेघ काढणारी नोझल तशी असूच शकत नाही. तिचं लहान असणं ही कामाची अट आहे, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रारीला जागा आहे ती तिला जागेवर बसवण्याच्या पद्धतीबद्दल, आणि तिच्या आजूबाजूच्या भागांबद्दल, ज्यांना एवढं लहान किंवा एवढं सुटं असण्याची काही गरज नव्हती.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो जपानी घडणीचा, वरती कप असलेला, ट्रिगर दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग देणारा एअरब्रश. अस्सल थोडे, त्यांच्या चिनी नकला पुष्कळ. तो उघडताना काय होतं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. मागचं हँडल फिरवून काढलं की सुई धरून ठेवणारा लहान नट दिसतो. तो सैल केला की सुई मागे सरकवून बाहेर काढता येते. जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, टोक उघड्या डोळ्यांना नीट दिसू नये इतकं बारीक. पुढच्या बाजूला सुईची टोपी आणि नोझलची टोपी, दोन्ही हाताने निघतात. आत आटे असलेली नोझल, जेमतेम काही मिलिमीटर लांबीची. ती काढायला डब्यात एक चिमुकला पाना दिलेला असतो. पाना दोन वेढे फिरवला की नोझल आट्यांतून सुटते आणि याच क्षणी ती ना पान्यात अडकलेली असते ना बोटांत. सर्वाधिक नोझल हरवतात त्या या क्षणी, आणि तेव्हा हाताखाली काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. खाली टॉवेल असेल तर ती तिथेच पडून राहते. वॉश बेसिन असेल तर जाळीतून आरपार जाते.

मागच्या बाजूची गोष्ट याहून फसवी आहे. सुईची स्प्रिंग आणि तिची नळी बाहेर काढली की ट्रिगरच्या पाठीशी उभी असलेली एक धातूची लहान पट्टी सुटी होते. ट्रिगर मागे ओढल्यावर तीच सुईला मागे ढकलते. अनेक घडणींत ती कशालाच जोडलेली नसते. सुई, ट्रिगर आणि नळी यांच्या मध्ये नुसती उभी असते. त्यामुळे एअरब्रश उलटा केला की ती खाचेतून निसटते, आणि ती निसटली हे कळतही नाही, कारण त्या घटकेला सगळं लक्ष समोरच्या नोझलवर असतं. पाठोपाठ ट्रिगरही हातात येतो. नवशिक्यांना या पट्टीचं अस्तित्वच माहीत नसतं. काही घडणींत ही पट्टी मागच्या नळीलाच खिळीने जोडून दिलेली असते. माझ्या मते छंदी एअरब्रशमध्ये करता येण्याजोगी ही सर्वांत शहाणी सुधारणा आहे. खर्च किरकोळ, आणि एक कायमची डोकेदुखी संपते.

उरले ते खालच्या हवेच्या व्हॉल्व्हचे भाग: एक स्क्रू, एक स्प्रिंग, एक बारीक दांडा आणि त्यावरची ओ-रिंग. स्क्रू सुटताच दाबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि दांड्यासकट उडू शकते. पण हा व्हॉल्व्ह रंगाच्या वाटेवर येतच नाही. तिथून फक्त हवा जाते. रंग मागे झिरपून तिथवर पोचला नसेल तर तो उघडायचं कारणच नाही, आणि तरीही ‘पूर्ण सफाई’च्या उत्साहात तो उघडला जातो.

यातल्या प्रत्येक भागाच्या गैरहजेरीची खूण वेगळी असते, आणि ती ओळखता आली तर काय हरवलंय हे शोधण्याआधीच समजतं. कपमधल्या रंगात बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेली नाही किंवा तिच्या मुळाचं सील गेलंय, आणि हवा रंगाच्या वाटेत शिरतेय. ट्रिगरच्या खाचेत रंग दिसू लागला आणि दुसऱ्या दिवशी ट्रिगर चिकटला, तर सुईभोवतीचं टेफ्लॉनचं सील नाही किंवा सैल आहे. ट्रिगरला हात न लावताही खालून हवा सू-सू करत राहिली तर व्हॉल्व्हची ओ-रिंग किंवा स्प्रिंग. हवा व्यवस्थित येते पण ट्रिगर कितीही ओढला तरी रंगाचा पत्ता नाही, सुई जागची हलत नाही, तर ती मागची पट्टी. सुईची टोपी एकटी हरवली तर मात्र काम अडत नाही. सुईचं टोक उघडं पडतं एवढंच, आणि एका धक्क्यात वाकू शकतं.

‘हरवलं’ या शब्दाखाली जे मोडतं त्यातलं पुष्कळसं खरं तर हरवलेलं नसतं. नोझल दिसत नसेल तर पहिला संशय घ्यावा तो तिच्यापुढच्या टोपीवर. रंग वाळून दोन्ही एकमेकांना चिकटतात, टोपी फिरवताना नोझलही बाहेर येते आणि टोपीच्या आतच बसून राहते. सुई पुढच्या बाजूने ओढून काढली असेल तर नोझल सुईवर अडकलेली सापडते. टेफ्लॉनचं सील बाहेर पडलंय असं वाटतं आणि ते शरीराच्या नळीतच आडवं झालेलं असतं. टॉर्च लावून आत पाहिल्यावरच कळतं. आणि सर्वांत वाईट शक्यता: नोझलचा पुढचा भाग हातात आहे, पण आट्यांचा भाग आतच तुटून राहिलाय. पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळलं की हे घडतं. नोझल बोटांच्या ताकदीने बसवून पान्याने नुसती टेकवायची असते. पाना लहान दिला जातो तो जोर लागू नये म्हणूनच. तुटलेला तुकडा थिनरमध्ये बराच वेळ भिजवून, निमुळतं टोक त्यात हलकेच रुतवून उलट्या दिशेने फिरवला तर कधी कधी निघतो.

एअरब्रशच्या आत नसेल तर टिश्यू पेपरमध्ये. माझ्या अनुभवात नोझल आणि सीलं सर्वांत जास्त सापडतात ती इथेच, आणि सर्वांत जास्त कायमची जातातही इथूनच. भाग पुसायला घेतलेला कागद चुरगळला जातो आणि कचऱ्याच्या डब्यात जातो. त्यानंतर थिनरची बाटली किंवा वाटी. रंगाने गढूळ झालेल्या थिनरचा तळ दिसत नाही आणि ते ओतून दिलं जातं. अल्ट्रासॉनिक यंत्र वापरणाऱ्यांच्या जाळीच्या टोपलीची भोकं नोझलपेक्षा मोठी असतात. नोझल खाली जाते, पाणी बदलताना वाहून जाते. तिथे छोटे भाग काचेच्या लहान बाटलीत घालून ती बाटली पाण्यात ठेवावी. एक धोक्याची गोष्ट याला जोडूनच सांगायला हवी: अल्ट्रासॉनिकच्या टाकीत थेट पेटणारं थिनर कधीही ओतू नये.

आता मुळाशी येऊ. भाग हरवतात कारण ते काढले जातात, मग ते इतक्यांदा काढायची वेळ का येते? याला मोठं कारण रंग. पाण्याने पातळ होणारा ॲक्रिलिक रंग वाळला की प्लास्टिकचा पडदा होतो, त्यावर पाण्याची मात्रा चालत नाही. हवेच्या झोताखाली सुईच्या टोकावर तो सतत वाळतच असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तर एखाद्या पंखाची एक बाजू होईपर्यंत टोकाला गाठ जमते. मग फवारा फिसकारतो आणि माणूस कामाच्या मध्येच नोझल उघडायला घेतो. यावर पहिला इलाज उघडण्याचा नाही. रंग आणखी पातळ करावा, वाळणं लांबवणारं रिटार्डर थोडं घालावं, टोकावरची गाठ थिनरने ओल्या केलेल्या मऊ ब्रशने अलगद टिपावी. सेल्युलोजवाल्या रंगांना, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात एनसी थिनर म्हणून मिळतं त्यात मुरणाऱ्या रंगांना, हा त्रास कमी होतो, कारण वाळलेला थरही पुन्हा थिनरमध्ये विरघळतो. पण त्यांचा वास आणि त्यांची वाफ दोन्ही अंगाला बाधतात, म्हणून मास्क आणि मोकळी हवा याला पर्याय नाही.

सफाईबद्दल छंदी मंडळींत उघडउघड दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, प्रत्येक बैठकीनंतर एअरब्रश पार सुटा करून प्रत्येक भाग धुवावा. रंगाचा कणही आत राहता कामा नये. दुसऱ्याचं म्हणणं, थिनर फवारून, उलटी हवा देऊन, सुई पुसून ठेवावी आणि नोझलला हात लावू नये. मी दुसऱ्या तटात आहे, आणि त्याचं कारण आळस नाही. आट्यांची नोझल प्रत्येक वेळी काढली-बसवली की आटे झिजतात, पान्याचा जोर लागतो, आणि प्रत्येक काढणं ही हरवण्याची नवी संधी असते. उलट नोझल जागेवर ठेवूनही ती बरीच स्वच्छ होते. कपमध्ये थोडं थिनर घ्यायचं, पुढच्या टोपीवर जाड कापडाची घडी दाबून धरायची आणि ट्रिगर हळूच दाबून मागे ओढायचा. बाहेर जायला वाट नसल्याने हवा नोझलमधून मागे शिरते, कपात बुडबुडे उसळतात आणि चिकटलेला रंग त्यांच्याबरोबर वर येतो. गढूळ थिनर ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, बुडबुडे स्वच्छ येईपर्यंत हेच. मग सुई काढून मुळाकडून टोकाकडे पुसायची. बस. नोझल काढायची ती फवारा तरीही एका अंगाला जात असेल तेव्हा, किंवा एअरब्रश बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल तेव्हा.

आणि काढायची झालीच तर क्रम मोडू नये. आधी सुई, मग नोझल. जोडताना उलट: आधी नोझल, मग सुई, तीही हलकेच, अडेपर्यंतच. सुई आत असताना नोझल ओढली किंवा सुई जोराने आत दामटली, तर नोझलचं तोंड फुलतं किंवा चिरतं, आणि मग ती हातात असूनही हरवल्यासारखीच. नोझलच्या आत पुढून दातांच्या फटीतला ब्रश घालण्याची सवयही घातक. त्याच्या मधली तार भोकाची कड खरवडते.

बनवणाऱ्यांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलंय? दोन घराणी स्पष्ट दिसतात. एक आट्यांच्या नोझलचं. इवाटाच्या एचपी मालिकेतले बरेच नमुने, मायक्रॉनसारखे अतिबारीक कामाचे एअरब्रश आणि बहुतेक स्वस्त नकला यात येतात. दुसरं नुसत्या बसवायच्या नोझलचं: नोझल हाताने जागेत ठेवायची, टोपी आवळली की ती आपोआप मध्यावर येते, पाना लागतच नाही. इवाटाची एक्लिप्स ०.३५च्या नोझलसह अशीच आहे, बॅजरची पॅट्रियट तशीच, हार्डर अँड स्टीनबेकची इव्होल्यूशन आणि इन्फिनिटी तशाच. या नोझल अंगाने मोठ्या असतात, चिमटीत येतात. त्यांनाही खोट आहे: हार्डर अँड स्टीनबेकच्या नोझलच्या मुळाशी लहान सील असतं, ते नोझलबरोबर न येता आतच राहिलं तर पुढच्या खेपेला बुडबुडे ठरलेले. पाशेचा ‘एच’ हा तिसराच प्रकार. त्यात रंग आणि हवा बाहेर भेटतात, भाग मोजके आणि ठसठशीत, हरवायला फारसं काही नाहीच, पण केसाएवढी रेघ त्याच्याकडून मागू नये.

आट्यांच्या बाजूने एक सच्चा युक्तिवाद आहे: अतिबारीक फवाऱ्यासाठी नोझल घट्ट आणि लहान हवी, आणि चित्रकाराला चेहऱ्याच्या छटा काढताना तो फरक जाणवतो. मला तो मान्य आहे. पण १/३५चे रणगाडे, १/४८ची विमानं किंवा गुंडमचे रोबो रंगवणाऱ्याला हा फरक क्वचितच उपयोगी पडतो, आणि त्याची किंमत मात्र प्रत्येक सफाईला मोजावी लागते. नव्या माणसाने एअरब्रश निवडताना भोकाचा आकडा आणि किंमत विचारण्याआधी तो उघडून दाखवायला सांगावा. नोझल पान्याशिवाय निघते का, मागची पट्टी जोडलेली आहे की सुटी, या दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या कित्येक रात्रींचा मनस्ताप ठरवतात.

टेबलाची व्यवस्था हा या सगळ्यातला स्वस्तातला आणि सर्वांत दुर्लक्षित इलाज. लहान वस्तू उसळते ती टणक पृष्ठावर. म्हणून काच, सनमायका, उघडी लादी यांवर एअरब्रश उघडू नये. उंच काठाचा ट्रे, त्यात फिक्या रंगाचा जाड टॉवेल, आणि हात कायम ट्रेच्या आत. टॉवेलच्या तंतूंत ओ-रिंग अडकते, उसळत नाही. एप्रनचं खालचं टोक टेबलाच्या कडेला चिमट्याने लावलं तर मांडीवर पडणाराही भाग झोळीत येतो. काढलेले भाग काढल्याच्या क्रमाने कप्प्यांच्या डबीत. गोळ्यांची आठवड्याची डबी यासाठी उत्तम. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढताना संपूर्ण हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काम करावं, म्हणजे उडाली तरी पिशवीतच. घड्याळजी आणि सोनार यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. सोनाराच्या दुकानातली धूळ आणि राखही मोलाने विकली जाते आणि झारेकरी ती धुऊन सोन्याचे कण काढतो, कारण त्या धंद्याने पडलेल्या कणाची किंमत आधीच मान्य केलेली आहे. छंदाच्या टेबलावर ती मान्यता अजून यायची आहे.

चुंबकाची पट्टी किंवा चुंबकी वाटी हा उपाय फार सुचवला जातो. त्यावर विसंबू नये. नोझल बहुधा पितळेची किंवा तशाच मिश्रधातूची, सीलं टेफ्लॉनची, रिंगा रबराच्या. यांना चुंबक ओढत नाही. बरंचसं स्टेनलेसही ओढलं जात नाही किंवा अगदी मंद ओढलं जातं. चुंबकाला लागते ती एखादी स्प्रिंग, किंवा फार तर सुई. म्हणजे जे सर्वाधिक हरवतं तेच तिथे राहत नाही.

तरीही पडलंच तर आधी पाय हलवू नये. चपलेच्या तळाला चिकटून नोझल दुसऱ्या खोलीत जाते. पडल्याचा आवाज आला असेल तर त्याची दिशा लक्षात ठेवावी. टणक लादीवर वस्तू पहिल्या टप्प्याहून बरीच लांब जाते, म्हणून नेमकी पायाशी शोधत बसणं फुकट. दिवे मालवून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला की अगदी लहान तुकड्याचीही लांब सावली पडते, आणि डोळ्यांना वस्तूच्या आधी ती सावली दिसते. नाही दिसलं तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर मलमलीचा तुकडा रबर बँडने बांधून कोपरे ओढून घ्यावेत आणि कापडाला काय लागलंय ते पांढऱ्या ताटलीत झटकून पाहावं. केरसुणी मारायचीच असेल तर कडेकडून मध्याकडे, आणि केर न टाकता तोही ताटलीत. बेसिनमध्ये गेलं असेल तर नळ तत्काळ बंद. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपच्या तळाशी जड वस्तू थांबते. खाली बादली ठेवून त्याची खालची वाटी हाताने फिरवली की ती बाहेर येते. पाणी सोडत राहिलं तर ही संधीही जाते.

सापडलं नाही, तर पुढचा प्रश्न सुट्या भागांचा, आणि इथे आपल्याकडच्या माणसाची खरी अडचण सुरू होते. हवेच्या नळीचे आटे बहुतेक ठिकाणी १/८ बीएसपी असतात, बॅजर आणि पाशे यांचे तेवढे वेगळे. नोझलच्या आट्यांना मात्र असं काही सामाईक माप नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन नकलांची नोझलही एकमेकांना बसेलच असं नाही. आटे जुळले तरी सुईचा निमुळतेपणा जुळावा लागतो, नाहीतर ट्रिगर सोडल्यावरही रंग गळत राहतो. म्हणून नोझल आणि सुई शक्यतो एकाच जोडीची घ्यावी. अस्सल जपानी नोझलच्या किमतीत कित्येकदा अख्खी नक्कल येते, त्यामुळे स्वस्त एअरब्रशवाले लोक एक भाग हरवला की दुसरा संपूर्ण एअरब्रश घेऊन पहिला सुट्या भागांसाठी ठेवतात. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखं आहे, पण एका कणासाठी बाकीचा सगळा चांगला धातू अडगळीत जातो हे मला खुपतं.

ओ-रिंगचं तसं नाही. आतला व्यास आणि रबराची जाडी व्हर्नियरने मोजून नेली तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या औद्योगिक हार्डवेअरच्या बाजारात जुळणारी रिंग मिळू शकते. मापाबरोबर माल विचारायला विसरू नये. साध्या नायट्राइल रबराला ॲसिटोन आणि कडक थिनर सोसत नाही, ते फुगतं. व्हिटॉन पेट्रोल आणि तेलाला उत्तम टिकतं म्हणून त्याचं कौतुक होतं, पण ॲसिटोनमध्ये तेही फुगतं. फुगलेली रिंग खाचेत परत बसत नाही, बोटांतून निसटते, आणि ‘हरवलेल्या’ रिंगांमध्ये अशा रिंगांची भर मोठी असते. टेफ्लॉन या सगळ्यांत तगतं. पण ते लवचीक नाही, म्हणून सुईभोवतीचं सील जास्त आवळलं की सुईच अडकते. रिंगा थिनरमध्ये भिजत घालू नयेत, ओल्या कापडाने पुसाव्यात, एवढं पाळलं तरी त्यांचं आयुष्य वाढतं.

बनवणाऱ्यांकडून अपेक्षा करावी अशा गोष्टी फार नाहीत. नावाजलेल्या कंपन्या सुट्या भागांचं क्रमांकवार चित्र देतात. ते पाहून काय हरवलं आणि काय मागवायचं हे कळतं. स्वस्त डब्यांत बहुधा तेच नसतं. ते चित्र, नोझलच्या आट्यांचं माप आणि एक जादा नोझल एवढं डब्यात घातलं तर किमतीत फारशी वाढ होणार नाही. तोवर हे काम आपणच करायचं आहे. नवा एअरब्रश आणला की पहिल्याच दिवशी, रंग भरण्याआधी, तो उजेडात उघडावा, भाग क्रमाने पांढऱ्या कागदावर मांडून फोनवर फोटो काढावा आणि शेजारी पट्टी ठेवावी. सेकंडहँड घेताना तर हे विकणाऱ्यासमोरच करावं: मागची पट्टी आहे का, नोझलच्या तोंडावर चीर आहे का हे भिंगातून, सुईचं टोक नखावर अलगद ओढून अडतं का, आणि कपात पाणी घालून हवा दिल्यावर बुडबुडे येतात का.